समुद्रातलं वावर

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पौडच्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता, उन्हानं रापलेला. माझा अंगठा सारखा फोनवर. लेक परदेशात, बाळंतपणासाठी दवाखान्यात. आणि समुद्रातली केबल तुटल्यामुळे कालपासून कॉल लागत नव्हता, हे मी त्याला दोनदा ऐकवलंही होतं.

"काकू, त्या फोनवर राग काढू नका. केबल जोडत्यात तितं समुद्रात माणसं."

"तुम्हाला काय माहीत?" मी फटकारलंच.

"मी केबल पुरायच्या बोटीवर असतुया. सुट्टीला आलोय."

बोट पुढं चालते, मागं ओढलेला, शेतातल्यासारखाच नांगर समुद्राच्या तळाशी चर पाडतो, त्यात केबल बसते आणि वर माती सरकते. हे सांगताना त्याचा तळहात गुडघ्यावरून सावकाश, दाबत पुढं जात होता.

"उघडी राह्यली तर मासेमारीच्या जाळ्यात अडकती. म्हणून पुरायची."

मग जरा लाजून म्हणाला, "पेरत्या वावरात आमी चपला घालत न्हाई. पयल्यांदा नांगर पाण्यात सोडला, तवा मी बूट काढून हुबा. सायेब लई वरडला. बोटीवर अनवाणी चालत न्हाई."

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर लेक, दमलेली, हसणारी. कुशीत इवलंसं तोंड. मी काय ओरडले कुणास ठाऊक, सगळी एसटी वळून बघायला लागली. तो मात्र खिडकीबाहेर बघत होता.

"नीट दिसतंय न्हवं?" एवढंच त्यानं विचारलं.

डोळे पुसायला मी मान खाली घातली. त्याचे दोन्ही पाय चपलांच्या बाहेर होते.