भिंतीतली आय

बाच्या म्हणण्याप्रमाणे, आमची आय भिंतीत राहत होती.

बाला लकवा झाला आणि जव्हारच्या दवाखान्यातून आम्ही त्याला पोशेऱ्याला घरी आणलं. डावं अंग गेलेलं. बाज भिंतीला लावलेली आणि बाचं तोंड सारखं भिंतीकडं. आय दुसऱ्या बाजूला बसून हाका मारायची आणि हा भिंतीला ओ द्यायचा!

"तिला बाहेर काढा रं! किती दिस आत ठेवणार?"

"अवो, मी हितं हाय!" आय म्हणायची.

"ऐकलंस?" बा भिंतीवरून हात फिरवायचा. "रडतेय."

खरंच रडत असायची. आयनं जेवण सोडलं होतं. म्हणायची, "एकदा माझ्याकडं बघू दे त्याला."

बा नागलीची भाकर उजवीकडची अर्धीच खायचा. साखरशेतहून आलेली आत्या कुजबुजली, "भिंतीत हाय तिचा वाटा ठेवतो!" एके दुपारी बा किंचाळला, "माझ्या गोधडीत मेलेल्या मानसाचा हात हाय!" मी गोधडी उचलली. हात होता! (बाचाच होता, डावा. पण हे कळेपर्यंत मी अंगणात पोचलो होतो.)

मग आत्याच्या सांगण्यावरून मी उतारा म्हणून भिंतीवर नारळ आपटला. कुडाची भिंत ती! नारळ शाबूत, भिंतीला भोक! भोकातून ऊन आत आलं. बा हळूच म्हणाला, "हां... आता तिचा डोळा दिसला."

मी तडक डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "डोळे ठीक आहेत. डावी बाजू आहे हेच मेंदूला कळत नाही, तिकडची हाकही उजवीकडूनच आल्यासारखी वाटते. सध्या उजवीकडे बसून बोला, हळूहळू डावीकडे बघायला शिकवू."

उजवीकडं तर भिंत! बाचं डोकं बाजेच्या दुसऱ्या टोकाला करावं, तर पाय दक्षिणेला.

"दक्षिणेला पाय मेलेल्याचे करतात!" आत्या कडाडली.

मी जमिनीवर कोळशानं घराचा नकाशा काढला, दिशा मांडल्या. वाद जुंपला. तेवढ्यात बाज करकरली. आयनं ती एकटीनंच हातभर पुढं ओढली आणि मधल्या फटीत शिरून बसली.

बा तिच्याकडं टक लावून बघत राहिला. मग तिच्या केसांत लागलेली भिंतीची माती झटकत म्हणाला, "सुटलीस?"

"सुटले," आय म्हणाली आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली.

मीही रडलो. रडता रडता पायानं नकाशा पुसला. मी शाळेत भूगोल शिकवतो, हे डॉक्टरांना सांगितलं नव्हतं तेच बरं झालं!