कोणाच्या खिशात कोणाचे कार्ड

ती घटना आठवली की आजही सर्वांत आधी डोळ्यांपुढे येते ती नशिराबादच्या एका केळीबागायतदाराची सून. नव्वदच्या दशकाची अखेर होती. जळगावात पैसे काढण्याची यंत्रे नुकतीच आली होती आणि मी पोलीस उपनिरीक्षक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. रसायनशास्त्राची पदवी होती आणि स्वतंत्र तपास मिळवण्याची घाई होती.

सकाळची हजेरी आटोपली, तेव्हा ठाणे अंमलदारापुढे ते बागायतदार नाना, त्यांची पत्नी आणि थोडी मागे सून उभी होती. नानांच्या खात्यातून परस्पर पैसे निघाले होते.

"कार्डाचा गुप्त नंबर घरात हिलेच ठाऊक," सासूबाई म्हणाल्या.

"तिले काही इचारू नका, बाई," नाना कळवळले.

"विचारा, मॅडम," सून शांतपणे म्हणाली. "हा डाग घेऊन मी त्या घरात राहणार नाही."

मी नानांकडे कार्ड मागितले. ते त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात असे. तिथे घरातल्या कोणाचा हात जात नसे. त्यावर इंग्रजीत एका अनोळखी बाईचे नाव होते.

"यंत्रापाशी कोणी भेटलं होतं का, नाना?"

"एक पोरगा होता. त्यानंच कार्ड यंत्रात टाकून दिलं. नंबर इचारला."

"आणि तुम्ही सांगितलात?"

"एवढ्या अदबीनं नाना म्हनला तो. त्याले नाही कसं म्हनायचं?"

बँकेकडून माहिती मिळाली. कार्ड धुळ्याच्या एका निवृत्त परिचारिकेचे होते. मी धुळ्याला गेले, तेव्हा त्या अक्कांनी बटव्यातून आपले कार्ड काढले आणि मी त्यावरचे नाव वाचून दाखवले.

"ओ माय, हाई मन्हं नई शे!"

ते त्यांचे नव्हतेच; ते होते चाळीसगावच्या एका दुकानदाराचे. त्याच्याकडे निघाले तिसऱ्याच एका तरुणाचे, आणि बाकीच्यांनी पैसे गेल्याची तक्रार दिली होती, त्या तरुणाची मात्र कुठेच नव्हती.

इथे साखळी उलगडली. एकाच बँकेची, एकाच रंगाची कार्डे. प्रत्येक वेळी आधीच्या माणसाचे कार्ड पुढच्याच्या हातात ठेवले जात होते. मग अगदी पहिल्या अदलाबदलीसाठी भामट्याने कोणते कार्ड वापरले असेल? स्वतःचेच.

त्या नावावरून पकडलेला तो तरुण चौकशीत आधी म्हणाला, "माझं कार्ड हरवलं होतं."

"मग बँकेला का कळवलं नाहीस?"

मग तो म्हणाला, "मॅडम, मी कोणाला धमकावलं नाही. नाना, अक्का म्हटलं की लोक आपणहून नंबर सांगतात."

ओळख परेडमध्ये नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हाच. जेवला का रे?"

फसणारा माणूस मूर्ख असतो, हा माझा समज त्या प्रकरणाने पुसला. तो बहुधा भिडस्त असतो. ती भीड यंत्रापाशी बाजूला ठेवावी. नंबर कोणालाही सांगू नये, आकडे दाबताना हात आडवा धरावा, मदत लागली तर बँकेत जावे आणि निघताना कार्डावरचे नाव वाचून घ्यावे.

सासूबाईंच्या आग्रहावरून मी त्यांच्या ओट्यावर गणवेशात उभी राहिले आणि सून निर्दोष असल्याचे साऱ्या आळीला सांगितले. पुढे एकदा साध्या वेशात मी त्याच यंत्रापाशी गेले. आत सून आकडे दाबत होती आणि सासूबाई पदराचा आडोसा धरून तिच्या मागे उभ्या होत्या. पाऊल वाजताच, मागे वळूनही न पाहता त्या कडाडल्या,

"मांगं सरका! माझी सून नंबर दाबू राहिली."

मी मुकाट्याने मागे सरकले.