दस्त्यातला पाइप

माझ्या दादाला प्लास्टिकची चीड होती. तसा तो कशावरही चिडायचा, आणि चिडला की हात माझ्यावरच उठायचा. म्हणून तो एअरसॉफ्ट खेळायला लागला तेव्हा सगळ्यात जास्त बरं आईला वाटलं. दर रविवारी रोडपालीच्या एका अर्धवट बिल्डिंगमध्ये दहा-बारा जण खोट्या बंदुकांनी एकमेकांवर प्लास्टिकच्या गोळ्या झाडायचे. राग तिथेच काढून येईल आणि घरी शांत बसेल, असं आई म्हणायची. मीही त्याच आशेने त्याच्याबरोबर जायचो.

पहिल्याच महिन्यात त्याच्या बॅटरीवर चालणाऱ्या बंदुकीच्या आतल्या गिअरचे दाते झिजले. मी म्हटलं, गिअर स्टीलचे घालू, पण पिस्टन प्लास्टिकचाच राहू दे. ताण आला तर तो एकटा मोडेल, बाकीचं वाचेल. मोडायला म्हणून कोणी वस्तू बसवतं का, असं म्हणून त्याने मला वेड्यात काढलं. तळोज्याच्या कारखान्यात तो लेथवर होता. तिथून आधी स्टीलचा पिस्टन आला, मग ॲल्युमिनियमची बॉडी. शेवटी खांद्याला टेकवायच्या पोकळ दस्त्यातही त्याने स्टीलचा पाइप ठोकून बसवला. संध्याकाळभर तो त्या बंदुकीवरून फडकं फिरवत बसायचा. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

या खेळात पंच नसतो. ज्याला गोळी लागली त्यानेच हात वर करून बाहेर जायचं. दादाला कधीच लागत नसे. त्या रविवारी मी त्याच्या विरुद्ध संघात होतो. जिन्यात मी त्याच्या छातीवर धडाधड गोळ्या मारल्या, सगळ्यांनी पाहिलं. तो तसाच वर चढत आला.

"दादा, लागली तुला. हात वर कर," मी म्हणालो.

त्याने बंदूक उलटी धरली आणि दस्ता माझ्या खांद्यावर हाणला. कडकन आवाज झाला. मी पायऱ्यांवर कोसळलो तरी तो थांबला नाही, दुसरा घाव बरगडीवर घातला. तिसऱ्याच्या आधी बाकीच्यांनी त्याला मागून धरलं.

गळ्याजवळच्या हाडाचे दोन तुकडे झाले होते. दवाखान्यात दादा भिंतीला टेकून उभा होता, बंदूक हातातच. तिला ओरखडाही नव्हता. आई आली, माझं बँडेज बघून रडली. आज तरी ती त्याला जाब विचारेल, असं मला फार वाटलं. ती डोळे पुसून त्याच्याकडे वळली.

"पलास्टिकची व्हती ती बरी व्हती," ती म्हणाली. "कशाला बदललीस?"