कानसेनांचं नरसाळं

आमच्या भावजींना सगळी गल्ली कानसेन म्हणते. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. दुसरे मिस्त्री मोटार आली की आधी ती खोलून पसारा मांडतात. भावजी ती नुसती चालू करतात, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मग निकाल येतो, "मागचं बेअरिंग गेलंय." खोलून बघावं तर मागचंच गेलेलं असतं. एवढे तयार कान असलेला माणूस जेवायला हाक मारली की मात्र ठार बहिरा होतो, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. ते हसतात. बोलायचा त्यांना मुळातच कंटाळा.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी माझ्या जाऊबाईला दिवस गेले आणि सोनोग्राफीत एकदम दोन बाळं दिसली. मी म्हटलं, "काय हो भावजी, इतकी वाट बघायला लावलीत आणि आता थेट घाऊक?" ते लाजून दुकानात पळाले. पण त्या दिवशी मोटारीशी बोलताना मी त्यांना ऐकलं. म्हणजे माणूस किती खूश असेल ते समजा.

डॉक्टरीणबाई मात्र आमच्यासारख्या हुरळल्या नाहीत. दोन्ही बाळांना मिळून वार एकच आहे, म्हणाल्या. पोषण जायचं ते तिच्यातूनच, आणि वाटणी सारखी होईलच असं नाही. म्हणून तपासण्या जास्त करायच्या आणि एकही चुकवायची नाही. आम्ही तिघं दर खेपेला जात होतो. पाचवा महिना सरेपर्यंत सगळं सुरळीत होतं.

मग एका तपासणीत मापं घेता घेता डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेचा कागद मागून घेतला. उजवीकडचं बाळ अंगानं भरत होतं, डावीकडचं मागे पडलं होतं. घरी आम्ही थट्टेत एकाला थोरलं आणि दुसऱ्याला बारकं म्हणायचो. ती थट्टा अशी खरी होईल असं कुणाला वाटलं होतं?

"औषध?" भावजींनी विचारलं.

"यावर औषध नाही."

"मग ऑपरेशन?"

"काही जणींना करतात. यांच्या बाबतीत त्यात मोठ्या बाळाचाच जीव धोक्यात येईल."

"मग आम्ही करायचं काय?"

"दर आठवड्याला यायचं. हालचाल कमी वाटली तर मात्र थांबायचं नाही, तडक निघून यायचं. बाकी बघत राहायचं."

मला त्या बाईंचा असा राग आला! बघत राहायचं, हे काय डॉक्टरनं सांगायचं? ते तर आम्हाला घरबसल्या जमलं असतं. खरं म्हणजे त्या खोटा धीर देत नव्हत्या, एवढाच त्यांचा गुन्हा. पण राग कुणावर तरी काढायला हवा ना?

भावजींची दशा माझ्याच्यानं बघवत नव्हती. ज्या माणसानं उभा जन्म बिघाड शोधून काढले, त्याला बिघाड दाखवायचा आणि वर हात लावू नको म्हणायचं. दुकानात मोटारी पडून राहू लागल्या. गिऱ्हाईक येऊन तोंडाला येईल ते बोलून जायचं आणि हे मान खाली घालून वायर सोलत बसायचे. जाऊबाई रात्रंदिवस पोटावर हात ठेवून असायची. तिचा जीव टांगणीला लागलेला आणि आम्ही नुसते तिच्याभोवती घुटमळत होतो. धड काही करता येत नव्हतं, धड स्वस्थ बसवत नव्हतं.

एके संध्याकाळी भावजी दुकानातून एक वस्तू घेऊन आत आले. तेल ओतायचं नरसाळं, घासून लख्ख केलेलं, आणि त्याच्या निमुळत्या टोकाला रबराची नळी. म्हणाले, "वहिनी, पंखा बंद करा." मी पंखा बंद केला. मग नळ घट्ट करायला लावला, मग फ्रीज बंद करायला लावला. शेवटी माझ्या बांगड्यांकडे बघितलं, तशी मी हात पदरात घेऊन बसले. जाऊबाई पाठीवर कलती झाली. भावजींनी नरसाळं उजवीकडे टेकवलं, नळी कानात घातली, डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग नरसाळं डावीकडे सरकवलं. पुन्हा बराच वेळ.

"दोन्ही चालू," ते म्हणाले.

जाऊबाईला रडू फुटलं. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून रोज दिवेलागणीला हा कार्यक्रम सुरू झाला. भावजी पुन्हा कामाला लागले. एकदा त्यांनी हौसेनं मला ऐकायला दिलं. मला पोटातली गुडगुड तेवढी ऐकू आली, आणि मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "त्याला कान लागतो, वहिनी." आता कानसेनांपुढे मी काय बोलणार? तपासणीला गेलो की डॉक्टरीणबाईही म्हणायच्या, दोन्ही हृदयं चालू आहेत, बारक्याचं वजन मात्र वाढत नाहीये. आमचा नरसाळ्यावरचा विश्वास आणखी पक्का व्हायचा.

मग एका दुपारी भाजी निवडता निवडता जाऊबाईचा हात थबकला. "ताई, डावीकडे सकाळपासून गप्प आहे हो."

मी भाजीचं ताट बाजूला सारलं. "ऊठ, आत्ता निघू."

"हे येऊ देत. ऐकतील ना ते."

भावजी कुठे तरी पंप बसवायला गेले होते. आले ते तसेच ग्रीसच्या हातांनी तिच्याजवळ बसले. रोजच्यापेक्षा जास्त वेळ ऐकलं. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. "चालू आहे. अगदी स्वच्छ."

"तरी पण जाऊन येऊ या का?" मी म्हटलं.

"वहिनी, परवा तपासणी आहेच. उगाच तिला कशाला दगदग?"

जाऊबाई म्हणाली, आता जरा हलल्यासारखंही वाटतंय. त्यापुढे मी तरी किती ताणणार? दुसऱ्या दिवशीही नरसाळं लागलं आणि दुसऱ्या दिवशीही ते म्हणाले, दोन्ही चालू. सगळे पोटभर जेवलो.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई डाव्या बाजूला पुन्हा पुन्हा तेच तेच बघू लागल्या. पडद्यावर थोरल्याचं हृदय लुकलुकत होतं. दुसरीकडे काहीच हलत नव्हतं. त्यांनी जाऊबाईचा हात हातात घेतला आणि सांगितलं.

"असं कसं?" भावजी एकदम उठले. "मी काल संध्याकाळी ऐकलंय. डावीकडेच. तुमचं मशीन जरा बघून घ्या."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळं बोलू दिलं. नरसाळं, नळी, रोजची वेळ. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "एका बाळाचे ठोके दुसऱ्या बाजूलाही ऐकू येतात. दोन जागी ऐकले म्हणजे दोन बाळांचे, असं नसतं. आमचीसुद्धा फसगत होते, म्हणून तर पडद्यावर बघावं लागतं."

"म्हणजे मी एकच दोनदा ऐकत होतो?"

त्यांनी पडदा भावजींकडे वळवला.

"परवा आलो असतो तर?"

"कदाचित काही करता आलं असतं. कदाचित नसतंही आलं. मला खरंच सांगता येत नाही."

बाईंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. भावजींना धरायला काहीतरी मिळालं असतं.

पुढचं त्या जाऊबाईशी बोलल्या. बारकं आतच राहणार, कारण थोरल्याला वाढायला अजून वेळ हवा. वार एकच असल्यानं थोरल्यालाही धक्का बसला असेल का, हे आज कळणार नाही, काही आठवड्यांनी कळेल.

"तोवर?" जाऊबाईनं विचारलं. विचारलं आणि स्वतःच मान हलवली. उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

घरी आल्यावर भावजींनी नरसाळं दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवर भिरकावलं. मी चहा केला, तो कुणी घेतला नाही. दिवे लागले तशी जाऊबाई म्हणाली, "अहो, ते आणा."

"नको."

"थोरलं आहे ना अजून? ते आहे एवढं तरी सांगा मला."

ते उठले. स्टूल घेतलं, नरसाळं काढून आणलं, धूळ नसताना पुसलं. सवयीनं मी उठून पंखा बंद केला, नळ बघितला, बांगड्या पदरात घेतल्या. त्यांनी उजवीकडे ऐकलं आणि मान हलवली. आहे.

ते नरसाळं उचलणार, तेवढ्यात जाऊबाईनं त्यांचा हात धरला आणि डाव्या बाजूवर नेऊन ठेवला. रोज ठेवायचे तिथेच. मला वाटलं, आता हात काढून घेतील. त्यांनी काढला नाही. डोळे मिटले आणि ऐकत राहिले.

"काय?" तिनं विचारलं.

"येतंय," भावजी म्हणाले. "तसंच. अगदी कालच्यासारखं स्वच्छ."

आणि नळी कानात असतानाच ते लहान पोरासारखे हमसून हमसून रडायला लागले. जाऊबाईनं त्यांचा हात तिथून हलू दिला नाही.