लावलेलं फाटक

१९ जुलै २००५, कॅन्सस. काम: पिंजऱ्यांतलं गवत कापून आणणं. उंच गवताच्या माळावर आमच्या विद्यापीठाने तारेचे छोटे पिंजरे ठेवले होते. आतल्या गवताला गुरांचं तोंड लागत नसे. आतलं आणि बाहेरचं गवत कापायचं, वाळवायचं, वजन करायचं, म्हणजे गुरांनी किती खाल्लं ते कळे. माळ आणि गुरं एका म्हाताऱ्या रँचरची.

बारांपैकी सात पिंजरे झाले आणि ऊन असह्य झालं. परतताना दोन कुरणांमधलं फाटक सताड उघडं दिसलं. ओढलं, तारेचा फास खांबात अडकवला आणि निघाले.

संध्याकाळी भाजी चिरताना आठवलं, अलीकडच्या कुरणातलं तळं आटलं होतं. तळाला पडलेल्या भेगा मी स्वतः पाहिल्या होत्या. पाणी फाटकापलीकडे, आणि गुरं सगळी अलीकडे.

रँचरला फोन केला. मशीन लागलं. "तुमचं फाटक मी लावलंय. चूक झाली, उघडा," असा निरोप ठेवला. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन, पुन्हा मशीन. आमची गाडी त्या दगडी वाटेवर चढत नव्हती आणि विद्यापीठाच्या पिकअपची किल्ली ऑफिसात, कुलपात.

"बस ना जरा," नवरा म्हणाला. "एका रात्रीत गुरं मरत नाहीत."

"तू कधी पाळलीस?"

"तू तरी कधी पाळलीस?"

खरं होतं. म्हणून तर बसवत नव्हतं. जेवलेही उभ्यानेच.

सकाळी सातला किल्ली घेतली, आठला पोचले. गुरं फाटकाला रेटून हंबरत उभी होती. फास काढला तसं दोन खोंडांनी मला बाजूला ढकललं आणि सगळी पाण्याकडे पळाली. तेवढ्यात रँचर आला.

"मेसेज आत्ता ऐकला, मॅम. मुलीकडे गेलो होतो. इथे फाटक जसं दिसेल तसंच ठेवतात."

"आमच्याकडे उघडं दिसलं की आधी लावतात. कोणाचं ते मग विचारतात."

"का?"

"शेजाऱ्याच्या पिकात गुरं शिरतात."

त्याने पार आभाळाला टेकलेल्या गवताकडे पाहिलं. "कुठलं पीक?"

आम्ही दोघांनी तळ्यावर जाऊन डोकी मोजली. एक्केचाळीस. त्याचं समाधान झालं, माझं नाही. मी पुन्हा मोजली. मग फाटक मागे नेऊन कुंपणाला तारेने घट्ट बांधलं आणि राहिलेल्या पाच पिंजऱ्यांचं गवत कापायला घेतलं.