अंथुर्ण्याच्या भिंतीवरचा खोडवा

"फिरून फिरून तितंच यायचं आसंल, तर पोरांनी इतिहास शिकायचा कशाला?" आबांनी माझ्या डिझाइनवर बोट आपटलं.

अंथुर्ण्याच्या शाळेतली ही मीटिंग. मी प्रदर्शनांच्या आणि म्युझियमच्या भिंती डिझाइन करतो, ऑफिस बारामतीत. शाळेच्या हेडमिस्ट्रेस देशमाने बाईंनी मला हॉलची एक लांबलचक भिंत दिली होती. विषय, स्वातंत्र्यानंतरचं देशाचं राजकारण. आबा संस्थेचे अध्यक्ष, तात्या उपाध्यक्ष. दोघे चुलतभाऊ, आणि एकमेकांना 'हो' म्हणायची सवय दोघांनाही नाही. त्यांचं जमलं नाही तर भिंतीवर देणगीदारांचे फोटो लागणार होते. ते टाळण्यासाठी बाई वर्षभर भांडत होत्या. मुलांनी थांबून पाहावं असं काहीतरी शाळेत असावं, एवढीच त्यांची इच्छा.

आमच्या कामात याला कालखंड पाडणं म्हणतात. इतक्या वर्षांचा ढीग लोकांपुढे तसाच ओतता येत नाही. त्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाला नाव द्यायचं. मी चाक काढलं होतं. एका पक्षाचं घसघशीत बहुमत, मग फाटाफूट, मग आघाड्यांची सरकारं, मग पुन्हा बहुमत. चाक दिसायला झकास होतं आणि मी त्याच्यावर भलताच खूश होतो.

आबांना सरळ रेघ हवी होती, कारण देश पुढं जातो. तात्यांना चाक आवडलं, कारण आबांना आवडलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, माणसं बदलतात, खेळ तोच. मी डिझाइन बदललं की एक खूश, दुसरा नाराज. तिकडे लोणी देवकरच्या एमआयडीसीतून पॅनेल छापणारा फाइलसाठी फोनवर फोन करत होता. बाई आता फोटोंच्या फ्रेमबद्दल बोलायला लागल्या होत्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

रविवारी काटेवाडीला घरी गेलो. वडील आणि थोरला भाऊ उसावरून वाद घालत होते. खोडवा ठेवायचा की मोडायचा? ऐकता ऐकता माझी ट्यूब पेटली.

ऊस नव्यानं लावला की ती लागण. तो तोडल्यावर त्याच बुडख्यांतून फुटतो तो खोडवा, आणि त्याच्याही नंतरचा निडवा. टनेज घटत जातं. मग मोडायचा, दुसरं पीक घ्यायचं आणि पुन्हा लागण. चक्र तेच. पण दर लागणीला वाण नवा असतो, पाटाच्या जागी ठिबक आलेलं असतं. म्हणजे चाकही आलं आणि रेघही आली.

मी भिंतभर उसाच्या सऱ्या काढल्या, डावीकडून उजवीकडे. नवी लाट म्हणजे लागण. जुन्याच मुळावर पुन्हा निवडून आलेलं सरकार म्हणजे खोडवा. मोडलेल्या रानात घेतलेली मिश्र पिकं म्हणजे आघाडी.

आबांनी चष्मा सारखा करून एकेक सरी नीट पाहिली. मग म्हणाले, "आता कसं, कळतंय." तात्यांनीही मान डोलावली. मी फाइल पाठवायला लॅपटॉप उघडला, तोच तात्यांनी शेवटच्या सरीवर बोट ठेवलं. सध्याचं सरकार काय धरायचं, खोडवा का निडवा? आबा एक बोलले, तात्या दुसरं. चहा आला, गार झाला, परत गेला. बाईंनी कपाळाला हात लावला.

बाई शहरातल्या, उसाशी त्यांचा संबंध रसापुरता. त्यांनी मध्येच विचारलं, "पण निडवा कधी मोडायचा, हे ठरवतं कोण?"

"ज्याचं रान हाय, त्यो," आबा म्हणाले.

"व्हय," तात्या म्हणाले. "तितं दुसऱ्या कुणाचं चालत न्हाय."

बाई हसायला लागल्या आणि मग आम्ही सगळेच हसलो. शेवटची सरी मी मोकळी ठेवली आणि तिच्याखाली बाईंचा प्रश्न आणि आबांचं उत्तर ठळक अक्षरांत टाकलं. तात्यांनी एक अक्षरही बदलायला सांगितलं नाही. फाइल त्याच दिवशी गेली, भिंत उभी राहिली. मधल्या सुट्टीत मुलं तिच्यापुढे थांबून सरकारांचे खोडवे मोजतात, असं बाई फोनवर सांगत होत्या.

मी या धंद्यातून एक गोष्ट शिकलो. कालखंड पाडताना मी पक्ष मांडले होते, वर्षं मांडली होती, पंतप्रधान ओळीनं बसवले होते. रानाच्या मालकाला, म्हणजे मतदाराला, मात्र अख्ख्या भिंतीवर कुठं जागाच दिली नव्हती.