निम्मी फुलं सोडायची

शेणव्याच्या थांब्यावर एसटी आली तेव्हा बाबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. आईने नाचणीच्या पिठाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीतून हात आत घालून माझी ओढणी सारखी केली. "जेवलीस का नाय ते रोज सांग गो," इतकंच ती म्हणाली. बाबांचं आठवडाभर एकच चाललं होतं: "आसनगावहून लोकलचा पास काढ. कल्यानला नोकरी कर, सांजच्याला घरी येशील. कानड्यांच्या मुलखात कशाला जातेस?"

त्यांचा राग चुकीचा नव्हता. तुम्ही गावचे लोक जाणताच, आपल्याकडे माणूस जातो तो परत यायलाच. कोणी संध्याकाळी येतो, कोणी डोळखांबकडचा वीटभट्टीवर गेला तरी भाताच्या आवणीच्या आधी येतो. मी मुरबाडला शेतीची पदविका केली होती आणि सिरसीजवळच्या एका सुपारीच्या बागेत व्हॅनिलाच्या वेली सांभाळायला निघाले होते. ती वेल मी तोवर पुस्तकातच पाहिलेली. पण घाबरले होते असं खोटं लिहिणार नाही. मला जायचंच होतं.

व्हॅनिलाचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारी मिटतं. आपल्या देशात ते जुळवणारी, म्हणजे परागीभवन करणारी, माशी नाही, म्हणून माणसाने प्रत्येक फुलापाशी जायचं, काडीने आतला पडदा उचलायचा आणि पराग अंगठ्याने हलकेच दाबायचा. मग शेंग धरते, आणि तिला पिकायला नऊ महिने लागतात. हे काम मला पहिल्याच सकाळी जमलं. आवणीत तयार झालेली बोटं होती माझी, आणि भोपळ्याची फुलं तर मी लहानपणापासून जुळवत आले होते. आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी आई मांडवाखाली जाई, नर फूल तोडून एकेका मादी फुलाला लावी. "एक पन फूल फुकट जाऊ द्यायचं नाय," हा तिचा नियम.

आणि तिथेच माशी शिंकली. बागेच्या मालकीणबाईंना सगळे अम्मा म्हणत. त्यांनी बजावून सांगितलं होतं, एका घोसातली निम्मीच फुलं जुळवायची, बाकीची गळू द्यायची. मला नीट कळलं होतं. पण हात ऐकेना. धडधाकट फूल डोळ्यांदेखत सोडायचं म्हणजे ताटात अन्न टाकून उठण्यासारखं वाटे. अम्मा पुढच्या रांगेला गेल्या की मी मागे वळून उरलेली फुलंही उरकून टाकायचे. वर मनात फुशारकी, की बघा आता, माझ्या रांगेला सगळ्यांच्या दुप्पट शेंगा!

शेंगा दुप्पटच लागल्या. पण काड्यांसारख्या बारीक, आणि वेली पिवळ्या पडून शेंड्याकडून वाळायला लागल्या. अम्मांनी सगळ्या बायांना बोलावून विचारलं, कोणी केलं हे? मी म्हटलं, मी. आता हात हलवत घरी जायचं आणि बाबा काही न बोलताच सगळं बोलणार, हे मला उभ्या उभ्या दिसलं. अम्मा मोडक्या मराठीत म्हणाल्या, "अर्ध्या शेंगा तूच तोड. ही रांग तुझी. परत फुलली तर राहा. नाही तर घरी जा."

हिरव्या, कच्च्या शेंगा तोडताना मी रडले. पुढच्या हंगामात त्या रांगेला एक कळी आली नाही. अम्मांनी तरी मला घालवलं नाही, आणि मीही त्या "जा" म्हणतील याची वाट बघत बसले नाही. मुळांशी पालापाचोळा घातला, सावली धरली, पाणी बेताने दिलं आणि घरी फोनवर सगळं छान आहे म्हणून ठोकून दिलं. त्याच्या पुढच्या फाल्गुनात पहिला घोस आला. मी निम्मी फुलं जुळवली आणि उरलेल्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

आता ती सगळी बाग मी बघते. माझ्या कानडीला आपल्या शहापूरचा वास येतो असं इथल्या बाया म्हणतात, येऊ दे. माझी धाकटी बहीण कल्याणला ऑफिसात आहे. मध्यंतरी फोनवर म्हणाली, "आमचं काय ताई, लाइफ एकदम व्हॅनिला." बेचव, सपक गोष्टीला तिच्या ऑफिसात असं म्हणतात म्हणे. मुरबाडकडच्या लग्नांतल्या पांढऱ्या आइस्क्रीमलाही आपण "साधं" म्हणायचो, आणि त्यात तर ही शेंग नसायचीच, कारखान्यातला अर्क असायचा. मी तिला चांगली झापली. एकेका फुलापाशी वाकायचं, नऊ महिने थांबायचं, मग शेंग गरम पाण्यात बुडवून, घोंगडीत गुंडाळून घाम काढून, ऊनसावलीत महिनोन्‌महिने वाळवायची, आणि त्याला साधं म्हणायचं? मग आपला भातही साधाच. इथे ये आणि बघ, म्हटलं. तिला काही सुट्टी मिळेना, पण यंदाच्या फाल्गुनात आई मात्र चार दिवसांसाठी आली.

आई हाताची घडी घालून बसणार थोडीच. दुसऱ्याच सकाळी तिने माझ्याकडून काडी मागून घेतली आणि दहाव्या फुलाला तिला जमलं. एका घोसातली निम्मी फुलं जुळून झाली होती, तिथे मी तिला थांबवलं.

"आनि ही?"

"ही गळू द्यायची."

"फुकट?"

मग माझी ती चूक मी तिला पहिल्यांदाच सांगितली. पिवळ्या वेली, तोडलेल्या शेंगा, सगळं. म्हटलं, "सगळी फुलं धरली तर वेल दमते गं आई. मग ती सावरत नाही."

आई सुपारीच्या खोडाला हात लावून उभी राहिली. आम्ही सहा भावंडं. शेवटच्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी ती आवणीला उतरली होती. बाळ माझ्याकडे होतं, म्हणून मला पक्कं आठवतं.

"माला असं कोनी सांगितलं नाय गो," ती म्हणाली.

मी तिच्या हातातली काडी काढून घेतली.

बागेतून माझ्या घरी आल्यावर तिने बाबांना फोन लावला. "म्हस तुमीच बगा. मी आनखी म्हयनाभर हाय." पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, तिने फोन ठेवून दिला होता.

घर कुठलं, असं गावाकडचे मला विचारतात, आणि तुमच्यातले माझ्यासारखे बाहेर पडलेले स्वतःलाच विचारत असतील. शेणव्याचं घर माझंच आहे, त्यावरचा हक्क मी सोडलेला नाही. पण तिथे दिवसाउजेडी आडवी झालेली आई मी कधी पाहिली नव्हती. त्या दुपारी जेवून ती माझ्या पडवीत चटईवर झोपली ती चार वाजले तरी उठली नाही. मी तिला उठवलं नाही. चहा एकटीनेच घेतला.